कागदाकडून पडद्याकडे : फ्रान्समधील नोटरी दस्त आणि उपस्थितीचा प्रश्न

प्रस्तावना :
नोटरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यायालयाच्या आवारात प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारून देणारे वकील उभे राहतात. फ्रान्समधील नोटरी हा याहून निराळा अधिकारी होय. शासनाने नेमलेला हा विधिज्ञ घरजमिनीचे खरेदीखत, बक्षीसपत्र, विवाहपूर्व करार स्वतः तयार करतो व मूळ दस्त आपल्याच दप्तरी ठेवतो. पक्षकारांच्या हाती नक्कल जाते. (पोर्तुगीज कायद्याच्या वारशामुळे गोव्यातील वाचकांस ही पद्धत फारशी अपरिचित नसावी.) हा दस्त इलेक्ट्रॉनिक झाला तेव्हा कागद गेला, हे सर्वांनाच दिसले. परंतु नोटरीसमोरील उपस्थितीचे काय झाले, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न असून प्रस्तुत निबंधात त्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका :
इ. स. १५५४ मध्ये राजा दुसरा हेन्री याच्या फोंतेनब्लो येथील फर्मानाने नोटरी दस्तावर पक्षकारांची स्वाक्षरी बंधनकारक झाली. पुढे नेपोलियनच्या काळात, १६ मार्च १८०३ च्या कायद्याने या व्यवसायाची घडी बसविली. दस्त दोन नोटरींनी, किंवा एका नोटरीने दोन साक्षीदारांसह करावा, आणि ज्यास सही येत नाही त्याच्याविषयी दस्ताच्या शेवटी तशी नोंद करावी, असे त्यात सांगितले होते. आपल्याकडील जुन्या कागदांतील ‘निशाणी नांगर’ पाहिलेल्या अभ्यासकाला या तरतुदीचे मोल वेगळे सांगावयास नको.

प्रत्यक्षात मात्र दुसरा नोटरी दस्ताच्या वेळी क्वचितच हजर असे. तो मागाहून सवडीने सही करी. २१ जून १८४३ च्या कायद्याने ही वहिवाट मान्य केली. केवळ या कारणावरून दस्त रद्द होणार नाही, असे ठरले आणि बक्षीसपत्रासारख्या मोजक्या दस्तांपुरतीच खरी उपस्थिती सक्तीची राहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते इलेक्ट्रॉनिक दस्ताचा इतिहास येथून सुरू करावयास हवा. संगणकाच्या कितीतरी आधी कायद्याने एका व्यक्तीची अनुपस्थिती पचविली होती.

इलेक्ट्रॉनिक दस्त :
१३ मार्च २००० च्या कायद्याने फ्रेंच नागरी संहितेत इलेक्ट्रॉनिक लेखनास पुराव्याचे स्थान दिले व अधिप्रमाणित दस्तही त्या स्वरूपात करण्यास मुभा दिली. १० ऑगस्ट २००५ च्या आदेशाने त्याची रीत ठरविली आणि २८ ऑक्टोबर २००८ रोजी पहिला इलेक्ट्रॉनिक नोटरी दस्त स्वाक्षरित झाला. २००५ ची ही रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. पक्षकार व साक्षीदारांनी सही करावयाची ती अशी की, हाताने काढलेल्या सहीची प्रतिमा पडद्यावरील दस्तावर उमटावी. सुरक्षित इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी नोटरीने करावयाची. म्हणजे कागद गेला तरी पक्षकाराचा हात शिल्लक राहिला. शिवाय दूरगावच्या पक्षकारास या नोटरीसमोर येणे शक्य नसेल, तर त्याने दुसऱ्या नोटरीसमोर सही करावी, अशी सोय झाली. १८४३ मध्ये ज्याची गैरहजेरी माफ केली, तो दुसरा नोटरी असा खऱ्या कामासाठी परतला!

कोविडच्या साथीत ही चौकट सैल झाली. ३ एप्रिल २०२० च्या आदेशाने पक्षकारांची संमती दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्यास तात्पुरती परवानगी मिळाली. ती मुदत संपल्यावर २० नोव्हेंबर २०२० च्या आदेशाने ही सवलत कायम केली ती फक्त मुखत्यारपत्रापुरती. खरेदीखतासाठी आजही पक्षकाराला किंवा त्याच्या मुखत्याराला कोणा ना कोणा नोटरीसमोर यावेच लागते. अर्थात मुखत्यारच दुरून नेमता येत असेल, तर मूळ मालक नोटरीच्या कचेरीचा उंबरठा न ओलांडताही घर विकू शकतो. मर्यादा घातली खरी, पण पळवाट तिच्या शेजारीच आहे.

नोटरींच्या दप्तरांवर फ्रेंच सामाजिक इतिहासाचा मोठा भाग उभा आहे. मिशेल व्होव्हेल यांनी प्रोव्हान्समधील मृत्युपत्रांवरून अठराव्या शतकातील बदलत्या धर्मभावनेचा मागोवा घेतला (१९७३), तो अशाच दस्तांच्या आधारे. इलेक्ट्रॉनिक मूळ दस्त आता नोटरींच्या केंद्रीय भांडारात राहतात आणि कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांनी सार्वजनिक अभिलेखागाराकडे जावयाचे आहेत. २००८ च्या दस्तावर तेव्हाच्या संशोधकाला निदान थरथरत्या सहीची प्रतिमा दिसेल. दुरून केलेल्या मुखत्यारपत्रावर मात्र पक्षकाराची स्वाक्षरी ठरावीक दर्जाच्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीची आहे. सही करणाऱ्याचा हात सराईत होता की अडखळत होता, हे तीवरून कळणार नाही.