मॅकरोनीच्या शहरातील कुलूप : मधुमेह आणि इटालियन ताटाचा इतिहास

(१) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेपल्समधील एक नामांकित डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णांना खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावत असे. रुग्ण चोरून काही खातील, ही त्याची धास्ती. आणि शहर तरी कोणते? जिथे गल्लोगल्ली मॅकरोनी शिजत होती ते. आज मधुमेह असलेली व्यक्ती इटालियन रेस्टॉरंटमध्ये पास्ता मागवते, तेव्हा टेबलावरच्या इतरांच्या भुवया उंचावतात. त्या भुवयांचा इतिहास या कुलपापर्यंत जातो. आजचा धागा त्याविषयी.

(२) सुरुवात रोगाच्या ओळखीपासून. लघवी गोड होणारा हा विकार प्राचीन भारतीय वैद्यांना ‘मधुमेह’ या नावाने ठाऊक होता. युरोपात १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाची लघवी आटवून पाहिली आणि तळाशी उरलेला पदार्थ साखरच असल्याचे दाखवले. रक्तातही गोडवा असतो, हे त्यांनी नोंदवले. साखर सापडली, आता ती कुठून येते, हा प्रश्न उभा राहिला.

(३) ब्रिटिश तोफखान्याचे शल्यवैद्य जॉन रोलो यांनी १७९७ मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले: वनस्पतिजन्य अन्नातून. कॅप्टन मेरेडिथ नावाच्या रुग्णाला त्यांनी मांस व चरबी यांवर ठेवले आणि लघवीतील साखर कमी झाली. दुसऱ्या रुग्णाला मात्र हे पथ्य निभावले नाही. पुढील शतकभराच्या उपचारांचे सारे चित्र या दोन रुग्णांत दिसते. पथ्य लागू पडत होते, पण ते पाळणे माणसाच्या आवाक्यात नव्हते.

(४) आता नेपल्सकडे वळू. या शहराचे लोक पूर्वी ‘पाला खाणारे’ म्हणून ओळखले जात. भाजीपाला हे त्यांचे मुख्य अन्न. सतराव्या शतकात पीठ मळण्याची व साच्यातून दाबून काढण्याची यंत्रे रुळली, पास्ता स्वस्त झाला आणि लोकांचे टोपणनाव बदलून ‘मॅकरोनी खाणारे’ असे झाले. ग्रान्यानो आणि तोर्रे अनुन्झियाता या जवळच्या गावांत समुद्रावरच्या वाऱ्यावर पास्ता वाळत असे. रस्त्यावर फेरीवाले तो कढईत उकळत, वर किसलेले चीज भुरभुरत आणि गिऱ्हाईक उभ्याउभ्या हातानेच खात असे. मांस हा गरिबाघरी सणासुदीचा पदार्थ होता.

(५) अशा शहरात १८६८ मध्ये अर्नाल्दो कांतानी वैद्यकाचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांचा जन्म १८३७ मध्ये बोहेमियात झाला होता. मधुमेहावर त्यांनी सांगितलेला आहार त्या काळातील सर्वांत कडक आहारांपैकी एक मानला जातो: फक्त मांस आणि चरबी. पास्ता नाही, पाव नाही, दूध नाही, भाजीसुद्धा नाही. तरीही लघवीत साखर आढळली, तर उपवास. आणि रुग्णाच्या शब्दावर विसंबायचे नाही, म्हणून कुलूप.

(६) कांतानींना क्रूर ठरवण्यापूर्वी त्यांच्या हातात काय होते, ते पाहिले पाहिजे. औषध नव्हते. तरुण रुग्ण काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत दगावत. मोजमापाचे साधन एकच, लघवीची परीक्षा. पण रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते, म्हणजे हा साक्षीदार उशिरा बोलणारा. आदल्या रात्री रुग्णाने काय खाल्ले आणि त्यातले नेमके काय बाधले, हे त्यावरून कळत नसे. जे मोजता येत नाही, ते सरसकट बंद करणे एवढाच मार्ग दिसत होता.

(७) त्याच काळात पॅरिसमध्ये आपोलिनेर बुशार्दा (१८०६–१८८६) वेगळ्या वाटेने जात होते. पिठूळ अन्न त्यांनीही तोडले. पण पावाशिवाय फ्रेंच माणूस जगणार कसा, हे ओळखून त्यांनी स्टार्च काढून टाकलेल्या ग्लूटेनचा पाव सुचवला. रुग्णांना व्यायाम सांगितला आणि स्वतःची लघवी स्वतः तपासायला शिकवले. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाची टंचाई झाली आणि बुशार्दांच्या लक्षात आले, की अनेक रुग्णांच्या लघवीतील साखर ओसरली आहे. अन्नाच्या प्रकाराइतकेच प्रमाणही महत्त्वाचे, हा धडा त्यांना युद्धाने दिला.

(८) येथून दोन परंपरा निघतात. एकीत डॉक्टर पहारेकरी असतो. दुसरीत रुग्ण स्वतःच मोजतो, शिकतो आणि ठरवतो. पुढची पन्नास वर्षे पहिल्या परंपरेचाच वरचष्मा राहिला. स्ट्रासबुर्गचे बर्नहार्ड नाउनिनही रुग्णांना खोलीत बंद ठेवत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९१४ पासून फ्रेडरिक ॲलन यांनी उपासमारीचा उपचार शिखरावर नेला. त्यांच्या नोंदींत एक बारा वर्षांचा अंध मुलगा आहे. कडक पहाऱ्यातही त्याच्या लघवीत साखर येत राहिली. शोध घेतल्यावर उलगडा झाला: तो टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे खात होता.

(९) ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ते फारसे लागू पडले नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि मुलाची साखर उतरली. मृत्यूची शिक्षा टळली. ताटावरची बंदी मात्र उठली नाही. स्वयंपाकघरात वजनकाटा आला आणि पिठूळ पदार्थ संशयितांच्या यादीत कायम राहिले. १९३० च्या दशकात लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवले, की पिष्टमय अन्न भरपूर घेणाऱ्या निरोगी माणसाचे शरीर साखर अधिक चांगली हाताळते. जुन्या समजुतीला हा मोठा धक्का होता, पण सवयी सावकाश बदलतात.

(१०) दरम्यान पास्त्याचेच रूप बदलत होते. १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन, बहुतेक दक्षिणेकडचे गरीब, अमेरिकेत गेले. तिथे मांस परवडू लागले, मजुरी वाढली, ताटे भरली. इटलीत पास्ता हा जेवणाचा ‘प्रीमो’, म्हणजे पहिला टप्पा. एका माणसाला ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता. अमेरिकेत तोच मुख्य पदार्थ झाला, त्यावर मांसाचे गोळे आले आणि शेजारी पावाची टोपली. जगभरच्या इटालियन रेस्टॉरंटांवर या प्रवासी ताटाची छाप आहे. तेव्हा ‘इटालियन जेवण मधुमेहाला वाईट’ म्हणताना कोणते इटालियन, हे विचारणे आवश्यक ठरते.

(११) १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज नेपल्सला गेले. तिथल्या श्रमिकांच्या जेवणात पास्ता, पाव, भाज्या, कडधान्ये आणि ऑलिव्ह तेल होते, मांस थोडेच; आणि हृदयविकार तुलनेने कमी. कांतानींच्या शहरातच मॅकरोनीची बाजू घेणारा साक्षीदार उभा राहिला. साक्ष हृदयाविषयी होती, साखरेविषयी नव्हे. तो खटला आणखी तीस वर्षांनी चालला.

(१२) १९८१ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ६२ खाद्यपदार्थ निरोगी स्वयंसेवकांना खाऊ घालून प्रत्येकाने रक्तातील साखर किती वाढते, ते मोजले. ग्लुकोजला १०० धरले. पांढरा पाव ६९, पांढरा भात ७२, स्पॅगेटी ५०. याच मोजपट्टीला ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ म्हणतात. ज्या शहरात इन्सुलिन सापडले, त्याच शहरात सहा दशकांनी पास्त्याची शिक्षा बरीच कमी झाली.

(१३) गहू तोच, मग फरक का? कोरडा इटालियन पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत १९६७ च्या कायद्याने तसे बंधनच घातले. महाराष्ट्रातला बन्सी गहू याच जातीचा. रवा घट्ट मळून साच्यातून दाबला, की प्रथिनांचे दाट जाळे स्टार्चच्या कणांना वेढून बसते आणि पाचकरसांना आत शिरायला वेळ लागतो. ‘अल देंते’, म्हणजे दाताला किंचित लागेल इतकाच शिजवला, तर हे जाळे टिकते. गाळ होईपर्यंत शिजवला, तर सुटते. आपल्याकडे ‘पास्ता म्हणजे मैदा’ असे सर्रास म्हटले जाते. मैद्याचा पास्ताही बाजारात मिळतो, म्हणून पुडक्यावरचा घटक वाचणे इष्ट.

(१४) मात्र हा निर्देशांक वेग सांगतो, एकूण ओझे नव्हे. ७५ ग्रॅम कोरड्या पास्त्यात ५० ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. रेस्टॉरंटच्या ताटात त्याच्या दुप्पट पास्ता आला, तर सावकाश चढणारी साखरही उंच चढते. बुशार्दांनी वेढ्यातल्या पॅरिसमध्ये पाहिलेले प्रमाणाचे सत्य इथे पुन्हा भेटते. शिवाय त्याच मेन्यूवर रिसोत्तो भाताचा आणि न्योक्की बटाट्याची असते. त्यांना पास्त्याची ही सवलत आपोआप लागू होत नाही.

(१५) पिझ्झाची गोष्ट आणखी वेगळी. १९९३ मध्ये ‘डायबिटीज केअर’ या नियतकालिकात इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांवरील एक अभ्यास आला. साखर उत्तम नियंत्रणात असलेल्या या रुग्णांत पिझ्झानंतर ती चार ते नऊ तासांपर्यंत चढलेली राहिली. चीजमधील चरबी जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते, त्यामुळे साखर उशिरा येते आणि रेंगाळते. जेवणानंतर दोन तासांनी आकडा चांगला दिसला म्हणून निर्धास्त झोपलेला माणूस पहाटे चकित होतो, तो यामुळे.

(१६) आणि जेवणाचा क्रम? २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल संस्थेतील अल्पना शुक्ला व सहकाऱ्यांनी ११ रुग्णांना एकच जेवण दोन प्रकारे दिले. त्यात चियाबात्ता हा इटालियन पाव, संत्र्याचा रस, कोंबडी, सॅलड आणि ब्रोकोली होती. भाज्या व कोंबडी आधी आणि पाव व रस नंतर, या क्रमाने खाल्ल्यावर तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळली. अभ्यास छोटा आहे, पण टेबलावर अजमावण्याजोगा आहे. इटालियन प्रथेत पास्ता मांसमाशांच्या आधी येतो. मात्र त्याच्याही आधी ‘आंतिपास्तो’ असतो. तिथे भाज्या मागवल्या, तर प्रथाही राहते आणि क्रमही साधतो.

(१७) एका गोष्टीत मात्र सावधगिरीला पर्याय नाही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने रिकाम्या पोटी वाइन घेतली, तर धोका साखर वाढण्याचा नसून घसरण्याचा असतो. यकृत मद्य हाताळण्यात गुंतते आणि रक्तात साखर सोडण्याचे काम मंदावते. इन्सुलिन आधीच घेतले आणि ताट यायला उशीर झाला, तरी तोच धोका. डोस आणि वेळ यांचे गणित ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांबरोबरच बसवायचे असते.

(१८) आता कुलपाकडे परत येऊ. १९८० च्या दशकात रक्तातील साखर मोजणारी छोटी यंत्रे घरोघरी पोचली. उशिरा बोलणाऱ्या साक्षीदाराची जागा त्या क्षणी बोलणाऱ्याने घेतली. जर्मनीत ड्युसेलडोर्फ येथे रुग्णांना कर्बोदके मोजायला आणि त्यानुसार इन्सुलिन ठरवायला शिकवणारा अभ्यासक्रम उभा राहिला. त्यावरून ब्रिटनमध्ये ‘डॅफ्ने’ हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. १६९ प्रौढ रुग्णांच्या या चाचणीत, शिकवलेल्यांना खाण्याचे स्वातंत्र्य दिले, तरी त्यांची साखर बिघडली नाही, उलट सुधारली. जगणेही सुसह्य झाल्याचे त्यांनी सांगितले.

(१९) म्हणजे जवळपास सव्वाशे वर्षांनी बुशार्दांची वाट खरी ठरली. कांतानी अन्नाविषयी पूर्णतः चुकले नव्हते. कर्बोदकांनी साखर वाढते, हे आजही तितकेच खरे आहे. त्यांची चूक माणसाविषयी होती. रुग्णाला खाण्याचा मोह होणारच, म्हणून त्याच्यावर पहारा हवा, असे त्यांनी धरून चालले. पण कोंडलेल्या मुलाने पक्ष्याचे दाणे खाल्ले आणि शिकलेल्या रुग्णाने आपला डोस नीट ठरवला.

(२०) म्हणून पुढच्या वेळी टेबलावर कोणी मधुमेही मित्र स्पॅगेटी मागवेल, तेव्हा त्याला ‘तुला चालतं का?’ असे विचारण्यापूर्वी नेपल्सची ती खोली आठवावी. बहुधा त्याने आकडा पाहिलेला असतो, सॅलड आधी मागवलेले असते आणि अर्धी प्लेट कोणाबरोबर वाटून घ्यायची, हेही ठरवलेले असते. ती अर्धी प्लेट आपण घ्यावी. धागा समाप्त.