बेकमानची रंगभूमी
माक्स बेकमान (१८८४–१९५०) या जर्मन चित्रकाराने मनुष्याला पाहिले ते रंगभूमीवरील पात्र म्हणून. पहिल्या महायुद्धात वैद्यकीय सेवेत असताना १९१५ साली त्याचे मन खचले. पुढे त्याच्या आकृत्या अरुंद, कलत्या जागेत कोंबल्यासारख्या दिसू लागल्या. धातूच्या पत्र्यावर सुईने कोरून छापलेली 'जत्रा' ही दहा चित्रांची माला १९२२ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच घंटा वाजवून प्रेक्षकांना खेळाला बोलावणारा इसम उभा आहे, आणि तो स्वतः बेकमानच होय. नाटकीपणा हा चित्रकलेत सहसा दोष गणला जातो. येथे तो दोष ठरत नाही. कारण खेळ मांडणारा त्या खेळाबाहेर राहिलेला नाही. १९३७ साली नाझी राजवटीने त्याची चित्रे 'विकृत कला' म्हणून प्रदर्शनात टांगली, तेव्हा तो ॲम्स्टरडॅमला निघून गेला. तेथे १९४१-४२ मध्ये रंगविलेल्या 'नट' या त्रिखंडी चित्रात मुकुटधारी राजा भर रंगमंचावर आपल्या छातीत खंजीर खुपसतो. त्या राजाचा चेहराही चित्रकाराचाच आहे. वीस वर्षांपूर्वी प्रेक्षकांना हाक घालणारा आता स्वतःच बळी झाला आहे. आणि हा अभिनय की आत्मघात, याचा निर्णय पाहणाऱ्यालाही करता येत नाही.