पेन्सविकची कोरीव थडगी

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या कुशीत पेन्सविक हे छोटे गाव वसले आहे. तेथील सेंट मेरी चर्चचे आवार १७ व्या आणि १८ व्या शतकांतील कोरीव दगडी थडग्यांसाठी प्रसिद्ध आहे. आवारात छाटून आकार दिलेले यू वृक्ष आहेत. ते ९९च असून शंभरावे झाड जगतच नाही, अशी लोककथा सांगितली जाते.

या थडग्यांमागे लोकरीचा पैसा आहे. या परिसरातील ओढ्यांवर कापड कुटण्याच्या पाणगिरण्या चालत. स्ट्राउड खोऱ्यातील जाड लोकरी कापड, म्हणजे बनात, सैनिकांच्या लाल गणवेशांसाठी वापरली जाई. ईस्ट इंडिया कंपनीही तिची मोठी ग्राहक होती. या व्यापारात श्रीमंत झालेल्या घराण्यांनी आपली थडगी हौसेने घडवून घेतली.

यांतील बरीच थडगी पेटीच्या आकाराची आहेत. पेटी मात्र पोकळ असते; दफन तिच्याखाली जमिनीत केलेले असते. काही थडगी उंच चौथऱ्यासारखी आहेत. बाजूंवर देवदूतांचे चेहरे, कवट्या, फुलांच्या माळा आणि वेलबुट्टी कोरलेली दिसते. गावातील ब्रायन हे पाथरवटांचे घराणे या कामासाठी नावाजलेले होते. त्यांपैकी जॉन ब्रायन १७८७ मध्ये मरण पावला. त्याचे स्वतःचे थडगे पिरॅमिडच्या आकाराचे आहे.

येथील चुनखडीचा दगड खाणीतून काढल्यावर मऊ असतो. त्यामुळे नाजूक कोरीवकाम साधते. पण पाऊस व हिमामुळे त्याचे पापुद्रे सुटतात, अक्षरे पुसट होतात. आतील लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या की दगड तडकतो. घासून स्वच्छ करण्याच्या प्रयत्नात तर उरलेले कामही नाहीसे होते.

खरा प्रश्न वारसांचा आहे. इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारातील थडग्याची मालकी, ते उभारणाऱ्याच्या पश्चात, मृताच्या वारसांकडे जाते. तीनशे वर्षांनंतर अनेक घराण्यांचे वारस सापडत नाहीत. पेन्सविकमधील अनेक थडगी संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत आणि दुरुस्तीसाठी चर्चच्या यंत्रणेचा परवाना लागतो. मात्र यादीतील नोंदीने खर्चाची सोय होत नाही. आपले नाव टिकावे म्हणून घराण्यांनी दगड निवडला. आता तो दगड टिकवण्याचा भार गावकरी आणि देणगीदार यांच्यावर आला आहे.