अनलिमिटेड हायड्रोप्लेन शर्यती

अनलिमिटेड हायड्रोप्लेन शर्यती हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये विकसित झालेला पॉवरबोट शर्यतींचा एक अतिवेगवान प्रकार आहे. नदीच्या किंवा सरोवराच्या पात्रात बोये टाकून आखलेल्या लांबट वर्तुळाकार मार्गावर या शर्यती होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांची शिल्लक इंजिने बसवलेल्या नौकांमुळे हा खेळ भरभराटीस आला. डेट्रॉइट, सिअ‍ॅटल, वॉशिंग्टन आणि मॅडिसन ही त्याची प्रमुख केंद्रे होती. १९५० ते १९८२ हा काळ या खेळाचा वैभवकाळ मानला जातो. अनेक नामवंत चालकांचे मृत्यूही याच काळात झाले आणि त्यांतूनच चालकाची बैठक बंदिस्त करण्याची सुधारणा पुढे आली.

नाव आणि रचना

'अनलिमिटेड' म्हणजे अमर्याद. लहान वर्गांतील नौकांच्या इंजिनाच्या आकारावर जशी कडक मर्यादा असते, तशी या वर्गात नव्हती. म्हणून हे नाव पडले. 'हायड्रोप्लेन' म्हणजे पाणी कापत न जाता पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत जाणारी नौका. तळ्यावर तिरपा भिरकावलेला चपटा दगड जसा पाण्याला जेमतेम स्पर्श करीत पुढे जातो, त्याच तत्त्वावर ती चालते.

या नौकेच्या पुढील भागात दोन्ही बाजूंना स्पॉन्सन नावाचे दोन उंचवटे असतात. पूर्ण वेगात असताना नौका हे दोन स्पॉन्सन आणि मागील प्रॉपेलर, अशा केवळ तीन बिंदूंवर टेकलेली असते. प्रॉपेलरचा अर्धा भाग पाण्याबाहेर फिरतो आणि तोच नौकेचा मागील भाग उचलून धरतो. त्यामुळे मागे पाण्याचा उंच आणि लांब फवारा उडतो. त्याच्या आकारावरून त्याला 'रूस्टर टेल', म्हणजे कोंबड्याचे शेपूट, असे म्हणतात.

तळ आणि पाणी यांच्यामध्ये दाबली जाणारी हवा नौकेला उचलते व पाण्याचा अवरोध कमी करते. नौकेचा वेग याच उचलीतून येतो आणि तिचा मुख्य धोकाही हाच आहे. एखाद्या लाटेमुळे किंवा वाऱ्याच्या झोतामुळे नौकेचे नाक ठराविक मर्यादेपलीकडे वर गेले, तर तळाखाली शिरलेली हवा संपूर्ण नौका उचलून मागे उलटवते. या प्रकाराला 'ब्लोओव्हर' म्हणतात.

पूर्वपीठिका

यांत्रिक नौकांच्या संघटित शर्यती विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाल्या. ब्रिटिश वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय चषक १९०३ मध्ये, तर अमेरिकेतील गोल्ड कप १९०४ मध्ये सुरू झाला. पहिला गोल्ड कप न्यू यॉर्कजवळ हडसन नदीवर झाला.

१९२० ते १९३३ या काळात डेट्रॉइटचे उद्योजक गार वूड यांनी 'मिस अमेरिका' या नावाच्या एकामागून एक नौका बांधून हार्म्सवर्थ चषक अमेरिकेकडे राखला. १९३२ मध्ये 'मिस अमेरिका १०' या नौकेने ताशी १२४.८६ मैल, म्हणजे सुमारे २०१ कि.मी. वेग गाठला. तिला पॅकार्ड कंपनीची चार इंजिने होती. १९३९ मध्ये इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर माल्कम कॅम्पबेल यांनी 'ब्लू बर्ड के४' या नौकेतून ताशी १४१.७४ मैल (सुमारे २२८ कि.मी.) असा विक्रम केला. अकरा वर्षे तो अबाधित राहिला.

'स्लो-मो-शन ४' आणि सिअ‍ॅटल

२६ जून १९५० रोजी सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टन या सरोवरावर स्टॅन्ली सेअर्स यांनी 'स्लो-मो-शन ४' ही नौका ताशी १६०.३२३ मैल, म्हणजे सुमारे २५८ कि.मी. वेगाने चालवून कॅम्पबेल यांचा विक्रम मोडला. सेअर्स हे मोटारविक्रेते होते. नौकेचा आराखडा टेड जोन्स यांचा, तर बांधणी अँकर जेन्सन यांची होती. अर्धवट पाण्याबाहेर फिरणाऱ्या प्रॉपेलरवर नौकेचा मागील भाग तोलण्याची कल्पना या नौकेत पूर्णपणे यशस्वी झाली आणि पुढील काही दशकांच्या नौकांना तिने दिशा दिली. ७ जुलै १९५२ रोजी याच नौकेने ताशी १७८.४९७ मैल, म्हणजे सुमारे २८७ कि.मी. असा नवा विक्रम केला.

१९५० च्या उन्हाळ्यात 'स्लो-मो-शन ४' डेट्रॉइटला गेली आणि टेड जोन्स यांनी तिच्यातून गोल्ड कप जिंकला. विजेत्याच्या नौकामंडळाने पुढील वर्षीच्या शर्यतीचे ठिकाण ठरवावे, असा त्या वेळचा नियम होता. त्यामुळे अनेक वर्षे पूर्वेकडील शहरांत होणारी ही शर्यत १९५१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील सिअ‍ॅटलला आली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे 'स्लो-मो-शन ४' आणि तिची जोडीदार 'स्लो-मो-शन ५' यांनी गोल्ड कप सिअ‍ॅटलकडे राखला.

सिअ‍ॅटलला त्या काळी कोणत्याही प्रमुख व्यावसायिक खेळाचा राष्ट्रीय दर्जाचा संघ नव्हता. असा पहिला संघ १९६७ मध्ये स्थापन झाला. तोपर्यंत शहराचा क्रीडाभिमान या नौकांभोवतीच गुंफलेला होता. 'सीफेअर' या उन्हाळी महोत्सवातील शर्यतीचा दिवस हा शहराचा सण झाला. शहरातील मुले प्लायवुडच्या छोट्या नौका करून, आवडत्या नौकेचे रंग त्यांना देऊन, सायकलीमागे दोरीने ओढत असत. त्या पिढीच्या आठवणींत हे दृश्य वारंवार येते.

इंजिने

युद्ध संपल्यावर लढाऊ विमानांची हजारो इंजिने शिल्लक राहिली. त्यांतील अ‍ॅलिसन व्ही-१७१० आणि रोल्स-रॉइस मर्लिन ही बारा सिलिंडरांची दोन इंजिने या नौकांत सर्वाधिक वापरली गेली. अ‍ॅलिसन इंजिन पी-३८ व पी-४० या विमानांत, तर मर्लिन इंजिन स्पिटफायर व मस्टँग या विमानांत असे. दोन्हींची क्षमता २७ ते २८ लिटर होती. या इंजिनांचा गडगडाट सरोवराकाठच्या वस्त्यांमध्ये दूरवर ऐकू जाई. त्यावरूनच या नौकांना 'थंडरबोट', म्हणजे मेघगर्जनेची नौका, हे टोपणनाव मिळाले.

शर्यतीची पद्धत आणि १९५५ चा निकाल

शर्यत अनेक फेऱ्यांची असते आणि प्रत्येक फेरीला 'हीट' म्हणतात. नौका थांबलेल्या स्थितीतून सुटत नाहीत. मोठ्या घड्याळाकडे लक्ष ठेवून, धावत्या वेगातच त्यांनी आरंभरेषा ओलांडायची असते. ठरलेल्या क्षणाआधी रेषा ओलांडल्यास दंड होतो. हीटमधील पहिल्या क्रमांकास ४००, दुसऱ्यास ३०० आणि तिसऱ्यास २२५ गुण अशी पद्धत होती. १९५० च्या दशकात गोल्ड कप प्रत्येकी तीस मैलांच्या तीन हीटचा होता आणि एकंदर ९० मैलांत सर्वांत कमी वेळ नोंदवणाऱ्या नौकेला ४०० अधिक गुण मिळत.

या नियमामुळे १९५५ ची शर्यत अविस्मरणीय ठरली. शेवटची हीट जिंकून सिअ‍ॅटलच्या 'मिस थ्रिफ्टवे' या नौकेचे चालक बिल मन्सी धक्क्यावर परतले, तेव्हा लोकांनी विजयोत्सव सुरू केला होता. गणित पूर्ण झाल्यावर मात्र डेट्रॉइटच्या 'गेल ५' या नौकेचा एकूण वेळ ४.५३६ सेकंदांनी कमी भरला. अधिक गुण तिला मिळाले, तिचे चालक ली शोनिथ विजेते ठरले आणि चषक डेट्रॉइटला गेला. सिअ‍ॅटल व डेट्रॉइट या शहरांतील चुरस त्यानंतर अधिकच तीव्र झाली. १९५६ आणि १९५७ मध्ये 'मिस थ्रिफ्टवे'ने गोल्ड कप जिंकून पराभवाची भरपाई केली.

अपघात

सिअ‍ॅटलमधील पहिल्याच गोल्ड कपमध्ये, १९५१ साली, 'क्विकसिल्व्हर' ही नौका पाण्यात घुसून फुटली. तिचे चालक ऑर्थ मॅथियट आणि सोबतचे यंत्रज्ञ थॉम व्हिटेकर यांचा मृत्यू झाला. १९५५ मध्ये पात्रता फेरीत 'स्लो-मो-शन ५' हवेत उडाली, मागच्या मागे एक पूर्ण कोलांटी घेऊन पुन्हा पाण्यावर टेकली. चालक लू फेजॉल गंभीर जखमी झाले. ते वाचले, परंतु शर्यतीत पुन्हा उतरले नाहीत. पुढच्याच वर्षी डेट्रॉइट येथे सरावाच्या वेळी 'स्लो-मो-शन ४' मोडली आणि चालक जो टॅगार्ट यांना जबर दुखापत झाली.

१९ जून १९६६ हा दिवस या खेळाच्या इतिहासात 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो. वॉशिंग्टन येथे पोटोमॅक नदीवर झालेल्या प्रेसिडेंट्स कप शर्यतीत 'मिस बारडॉल' या नव्या नौकेचे चालक रॉन मसन यांचा मृत्यू झाला. मागील तीन वर्षांचे गोल्ड कप त्यांनी जिंकले होते. त्याच दिवशी अंतिम हीटमध्ये 'नोटर डेम' आणि 'मिस बडवायझर' या नौकांची टक्कर होऊन रेक्स मँचेस्टर व डॉन विल्सन हे दोन चालक मरण पावले. दोनच आठवड्यांनी, ३ जुलै रोजी, डेट्रॉइटच्या गोल्ड कपमध्ये 'स्मर्नॉफ' नौकेचे चालक चक थॉम्पसन यांना मृत्यू आला. अशा रीतीने पंधरा दिवसांत चार अग्रगण्य चालक गेले.

या काळात चालक उघड्या बैठकीत बसत. त्यांना पट्ट्याने बांधून ठेवण्याची पद्धत नव्हती. बुडणाऱ्या किंवा जळणाऱ्या नौकेत अडकून पडण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा त्यामागील विचार होता. परंतु ताशी दीडशे मैलांहून अधिक वेगाने पाण्यावर आदळणारे शरीर हा आघात क्वचितच सोसू शके. नौका जसजशा वेगवान झाल्या, तसतसा हा विचार कालबाह्य ठरत गेला. बैठकीच्या रचनेत मूलभूत बदल होण्यास मात्र आणखी वीस वर्षे लागली.

'मिस मॅडिसन', १९७१

इंडियाना राज्यातील ओहायो नदीकाठचे मॅडिसन हे छोटे नगर 'मिस मॅडिसन' या नौकेचे सामुदायिक मालक आहे. बड्या उद्योगांच्या पैशावर चालणाऱ्या संघांपुढे या नौकेची साधने तुटपुंजी होती आणि तिची देखभाल मुख्यतः हौशी स्वयंसेवक करीत. ४ जुलै १९७१ रोजी गोल्ड कप मॅडिसनमध्येच भरला. अ‍ॅलिसन इंजिनाच्या जुन्या 'मिस मॅडिसन'मधून जिम मॅकॉर्मिक यांनी, घरच्या लोकांच्या साक्षीने, तो जिंकला. या घटनेवर 'मॅडिसन' हा चित्रपट निघाला.

मन्सी आणि चेनोवेथ यांचे मृत्यू

बिल मन्सी यांनी आठ वेळा गोल्ड कप आणि एकूण ६२ शर्यती जिंकल्या. १८ ऑक्टोबर १९८१ रोजी मेक्सिकोतील अकापुल्को येथे अंतिम हीटमध्ये आघाडीवर असताना त्यांची 'अ‍ॅटलस व्हॅन लाइन्स' ही नौका हवेत उचलली जाऊन उलटली. त्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ३१ जुलै १९८२ रोजी वॉशिंग्टन राज्यातील ट्राय-सिटीज येथे पात्रता फेरीत 'मिस बडवायझर'चे चालक, चार वेळा गोल्ड कप जिंकलेले डीन चेनोवेथ, हेही ब्लोओव्हरमध्येच मरण पावले. दोघेही अत्यंत अनुभवी चालक होते. त्यामुळे कौशल्य कितीही असले तरी उघडी बैठक चालकाला वाचवू शकत नाही, ही गोष्ट संघांना मान्य करावी लागली.

बंदिस्त बैठक

१९८६ मध्ये 'मिस बडवायझर'च्या संघाने एफ-१६ या लढाऊ विमानाचे पारदर्शक छत नौकेवर बसवले. चालकाला मजबूत कवचात पट्ट्यांनी बांधणे, त्याला श्वसनासाठी हवा पुरवणे आणि नौका उलटी पडल्यास बाहेर येण्यासाठी तळाशी झडप ठेवणे, अशा सुधारणा रूढ झाल्या. १९८० च्या दशकाअखेर बंदिस्त बैठक हीच सर्वमान्य रचना ठरली. त्यानंतरही नौका उलटत राहिल्या, परंतु बहुतेक चालक जिवंत बाहेर आले. धोका पूर्णपणे संपला असे मात्र नाही. २००० मध्ये सॅन डिएगो येथे जॉर्ज स्ट्रॅटन यांचा बंदिस्त बैठक असूनही अपघाती मृत्यू झाला.

टर्बाइन इंजिने

युद्धकालीन इंजिनांचे सुटे भाग दुर्मीळ होत गेल्यावर संघ टर्बाइन इंजिनांकडे वळले. १९८२ मध्ये 'पे एन पॅक' या नौकेने टर्बाइन इंजिनावर पहिला विजय मिळवला. या वर्गात प्रचलित झालेले लायकॉमिंग टी५५ हे इंजिन मूळचे चिनूक हेलिकॉप्टरचे आहे. २०१९ पासून भारतीय वायुदलही चिनूक हेलिकॉप्टरे वापरते. टर्बाइन हलके व भरवशाचे असले, तरी त्याचा आवाज गडगडाटाचा नसून तीव्र शिट्टीसारखा असतो. जुन्या काळातील प्रेक्षकांना या बदलाची विशेष खंत वाटते.

वारसा

'स्लो-मो-शन ४' ही नौका सिअ‍ॅटलच्या इतिहास व उद्योग संग्रहालयात जतन केलेली आहे. सिअ‍ॅटलजवळील केंट येथे हायड्रोप्लेन व शर्यती नौकांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. तेथे जुन्या नौकांची दुरुस्ती करून त्या प्रात्यक्षिकांसाठी पुन्हा पाण्यात उतरवल्या जातात.

भारतातील पॉवरबोट शर्यती

भारतात अनलिमिटेड हायड्रोप्लेन शर्यतींची परंपरा नाही. येथे झालेल्या पॉवरबोट शर्यती अन्य वर्गांतील आहेत. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हलगतच्या समुद्रात पी१ पॉवरबोट मालिकेची, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे कृष्णा नदीवर फॉर्म्युला वन पॉवरबोट मालिकेची शर्यत झाली.