आरएलएम ८३ : क्रमांक आहे, रंग कुठे आहे?

रायपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावरील उड्डाण-सिम्युलेटरसाठी फॉके-वुल्फ १९० डी या जर्मन लढाऊ विमानाची ‘स्किन’ रंगवायला घेतली, तर पंखावरच्या हिरव्यासाठी लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे त्याने कुठून आणावेत? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षातील जर्मन विमानांचे छद्मरंग हा इतिहाससंशोधनातला एक चिवट वाद आहे.

जर्मन विमान मंत्रालय, म्हणजे आरएलएम, प्रत्येक रंगाला क्रमांक देई आणि त्याचा नमुना रंगपत्रिकेत लावून कारखान्यांना पुरवी. १९४४च्या उन्हाळ्यात ही शिस्त ढळली. या काळातील कागदपत्रांत ८१, ८२, ८३ हे क्रमांक दिसतात, पण त्यांचे नमुने सोबत नाहीत. ८१ला कागदावर ‘तपकिरी-जांभळा’ म्हटले आहे. अवशेषांवर तो कधी तपकिरी, तर कधी चक्क ऑलिव्ह हिरवा आढळतो. ८२ फिकट हिरवा आणि ८३ गडद हिरवा, असे आज बहुतेक जण मानतात. आधीच्या पिढीतील काही ग्रंथांत ही नावे नेमकी उलट होती! मिखाएल उलमन यांनी तर ८३ हा मुळात गडद निळा असल्याचे मांडले आहे.

त्यातच बॉम्बहल्ल्यांमुळे उत्पादन लहान लहान ठिकाणी विखुरले होते. पंख एकीकडे रंगत, धड दुसरीकडे. जुना साठाही संपवायचा होता. त्यामुळे एकाच विमानावर दोन कारखान्यांचे दोन हिरवे दिसणे ही तेव्हाची वस्तुस्थिती होती. माझ्या मते ‘८३चा खरा रंग कोणता’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कारखान्याचा, कोणत्या महिन्यातला, हे विचारायला हवे.

छायाचित्रांवर विसंबावे, तर तीही फसवतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे लाल काळपट उमटतो आणि निळा उजळ. याचे उदाहरण आपल्याच भूमीवर आहे. जपानी विमानांवरील लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील विमानांच्या वर्तुळचिन्हातून लाल काढून टाकण्यात आला. झगझगीत पांढऱ्यातही निळा मिसळण्यात आला. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने हीच गडद-फिकट निळी चिन्हे घेऊन उडत होती. कृष्णधवल चित्रात मात्र तो फिकट निळा सहज पांढरा वाटतो. रायपूरच्या माना विमानतळाचा आरंभही १९४२च्या, याच युद्धकाळातल्या धावपट्टीतून झाला. तेव्हा हा विषय छत्तीसगडच्या वाचकाला अगदी परका नसावा.

मग उरतो प्रत्यक्ष रंगाचा थर. तोही जसाच्या तसा राहत नाही. बंधक पिवळा पडतो, पृष्ठभाग उन्हाने भुकटीसारखा होतो आणि हिरवा तपकिरीकडे झुकतो. म्हणून आज दिसणारी छटा मोजून भागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थराचा छेद पाहून आणि वर्णपट घेऊन त्यातली रंगद्रव्ये ओळखावी लागतात. तीच रंगद्रव्ये ताज्या बंधकात मिसळून मूळ छटेच्या जवळ जाता येते. नुसती नजरेने छटा जुळवली, तर दिवसाच्या उजेडात सारखे दिसणारे दोन हिरवे ट्यूबलाइटखाली वेगळे पडतात. यालाच मेटामेरिझम म्हणतात.

अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतील फॉके-वुल्फ १९० एफ-८ची १९८० ते १९८३ या काळात दुरुस्ती झाली, तेव्हा वरचे थर उतरवताना आधीच्या रंगसंगती उघड झाल्या. हे विमान पूर्वी ए-७ होते आणि नंतर त्याचे एफ-८मध्ये रूपांतर झाले होते. म्हणजे रंगाच्या थरांत विमानाचे चरित्रही साठलेले असते, आणि सरसकट घासकाम केले की ते कायमचे जाते. त्याच संस्थेकडे जगातले एकमेव उरलेले टा-१५२ आहे. त्याच्या नावातला ‘टा’ म्हणजे कुर्ट टांक.

हेच टांक १९५६ साली भारतात आले आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचएफ-२४ मरुत घडवले. त्याचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत आहे. अशा विमानांना पुन्हा रंग देण्याआधी नखाएवढ्या तुकड्याचा छेद घेऊन, तारीख आणि जागा लिहून जपून ठेवावा. त्याला खर्च फारसा येत नाही.