सॅफा

सॅफा ही युनायटेड किंग्डममधील आजी-माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना साहाय्य करणारी धर्मादाय संस्था आहे. 'सोल्जर्स, सेलर्स, एअरमेन अँड फॅमिलीज असोसिएशन' या पूर्ण नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले. संस्थेची स्थापना इ.स. १८८५ मध्ये झाली असून तिचे मुख्यालय लंडन येथे आहे. गरजू कुटुंबाची परिस्थिती प्रत्यक्ष भेटून समजून घेणे आणि त्या कुटुंबासाठी निरनिराळ्या सैनिकी कल्याण निधींकडून अनुदान मिळवणे हे संस्थेच्या शाखांचे प्रमुख कार्य होय. हे काम मुख्यतः विनावेतन स्वयंसेवक करतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्करातील सैनिकाला विवाहासाठी कमांडिंग अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असे व अशी परवानगी मर्यादित संख्येनेच मिळे. परवानगीशिवाय विवाह केलेल्या सैनिकांच्या पत्नींना लष्कराच्या दप्तरी मान्यता नव्हती. पती मोहिमेवर गेल्यानंतर अशा कुटुंबांना निवारा वा भत्ता मागण्याचा अधिकार उरत नसे. इ.स. १८८५ मध्ये इजिप्तकडे सैन्य रवाना होत असताना मेजर जेम्स गिल्डिया यांनी 'द टाइम्स' या वृत्तपत्रातून मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी निधी व स्वयंसेवक यांचे आवाहन केले. त्यातून 'सोल्जर्स अँड सेलर्स फॅमिलीज असोसिएशन' स्थापन झाली. तत्कालीन प्रिन्सेस ऑफ वेल्स अलेक्झांड्रा या संस्थेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने परवानगीची अट बाजूला ठेवून सर्व सैनिकांच्या पत्नींना विभक्तता भत्ता देण्याचे जाहीर केले. अर्जांच्या संख्येपुढे शासकीय यंत्रणा अपुरी पडली. भत्ता हाती येईपर्यंत कुटुंबांना आगाऊ रक्कम पोचवण्याचे काम संस्थेच्या स्वयंसेवकांनी केले. पुढे १९१५ चा युद्ध निवृत्तिवेतन कायदा आणि १९१६ मध्ये स्थापन झालेले निवृत्तिवेतन मंत्रालय यांमुळे ही जबाबदारी क्रमाने राज्याकडे गेली.

ब्रिटिश हवाई दलाच्या स्थापनेनंतर हवाई सैनिकांचाही संस्थेच्या कार्यात व नावात समावेश झाला. इ.स. १८९९ पासून कार्यरत असलेली 'फोर्सेस हेल्प सोसायटी' १९९७ मध्ये सॅफात विलीन झाली.

पात्रता

ब्रिटिश सैन्यात किमान एक दिवस सवेतन सेवा केलेली कोणतीही व्यक्ती साहाय्य मागू शकते. राखीव दलातील सैनिक तसेच 'नॅशनल सर्व्हिस' या सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झालेले, आता वृद्ध असलेले नागरिकही यात मोडतात. या सेवेतील अखेरचे सैनिक १९६३ मध्ये सेवामुक्त झाले. पती वा पत्नी, विधवा, विधुर व अवलंबून असलेली मुले हेही पात्र असतात. अर्जदाराचा हुद्दा किंवा त्याने प्रत्यक्ष युद्धात भाग घेतला की नाही, याचा विचार पात्रतेसाठी होत नाही.

अनुदान समन्वयाची कार्यपद्धती

ब्रिटनमध्ये सैनिकी कल्याणाचा पैसा एका ठिकाणी एकवटलेला नाही. स्थलसेनेसाठी १९४४ मध्ये स्थापन झालेला आर्मी बेनेव्होलंट फंड, हवाई दलासाठी १९१९ चा आरएएफ बेनेव्होलंट फंड, नौदलासाठी १९२२ चा रॉयल नेव्हल बेनेव्होलंट ट्रस्ट, १९२१ मध्ये स्थापन झालेली रॉयल ब्रिटिश लीजन, याशिवाय रेजिमेंट व कोअर यांचे अनेक लहानमोठे निधी अस्तित्वात आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळे असतात. एखाद्या रेजिमेंटचा निधी त्याच रेजिमेंटच्या सैनिकांसाठी राखीव असतो, आणि रेजिमेंट विलीन झाली असल्यास तिच्या उत्तराधिकारी रेजिमेंटकडे अर्ज करावा लागतो. अडचणीत सापडलेल्या सामान्य व्यक्तीला या सर्वांचा माग काढणे कठीण जाते. हे काम केसवर्कर म्हणून ओळखला जाणारा स्वयंसेवक करतो.

प्रक्रिया साधारणतः पुढील टप्प्यांनी चालते :

१. गृहभेट : केसवर्कर अर्जदाराला त्याच्या घरी किंवा सोयीच्या ठिकाणी भेटतो. मागितलेल्या वस्तूखेरीज अन्य अडचणी आहेत का, हेही या भेटीत समजते. नादुरुस्त शेगडी बदलून मागणाऱ्या कुटुंबावर घरभाड्याची थकबाकीही असू शकते.

२. सेवेची पडताळणी : सेवा क्रमांक, सेवामुक्तीची कागदपत्रे किंवा निवृत्तिवेतनाची नोंद यांवरून लष्करी सेवा निश्चित केली जाते.

३. आर्थिक विवरण : उत्पन्न, खर्च, बचत व कर्ज यांची नोंद ठरावीक नमुन्यात केली जाते.

४. शासकीय हक्कांची तपासणी : कायद्याने मिळणारे साहाय्य आधी मिळवावे, असा नियम आहे. उदाहरणार्थ, अपंगत्वामुळे घरात बदल करायचे असल्यास स्थानिक प्रशासनाच्या अनुदानाचा विचार प्रथम होतो. चाकाची खुर्ची, विद्युत स्कूटर यांसारख्या साधनांसाठी व्यवसायोपचार तज्ज्ञाचा अहवाल मागवला जातो.

५. निधींकडे अर्ज : केसवर्कर अहवाल तयार करून शाखेमार्फत योग्य त्या निधींकडे पाठवतो. एका निधीने पूर्ण रक्कम न दिल्यास तीच गरज अनेक निधींमध्ये विभागली जाते. या पद्धतीला 'आल्मनायझेशन' म्हणतात. मध्ययुगीन युरोपात दानवाटपासाठी नेमलेल्या 'आल्मनर' या अधिकाऱ्यावरून हा शब्द आला आहे.

६. खर्च व पूर्तता : मंजूर रक्कम सहसा अर्जदाराच्या हाती न देता थेट विक्रेता, घरमालक वा सेवा पुरवणाऱ्याला दिली जाते. अनुदान हे कर्ज नसल्याने त्याची परतफेड करावी लागत नाही.

या रचनेत चौकशी करणारा व पैसा मंजूर करणारा हे दोघे वेगळे असतात. निधीचे विश्वस्त अर्जदाराला पाहत नाहीत. त्यांचा निर्णय बहुतांशी केसवर्करच्या अहवालावर अवलंबून असतो. अहवालात एखादी बाब सुटल्यास पात्र कुटुंबही मदतीला मुकू शकते. वस्तुनिष्ठ व पूर्ण नोंद ही त्यामुळे केसवर्करची मुख्य जबाबदारी मानली जाते.

स्वयंसेवक

संस्थेच्या शाखा प्रामुख्याने काउंटी या प्रशासकीय विभागानुसार रचलेल्या आहेत. केसवर्करखेरीज शाखा सचिव, कोषाध्यक्ष, निधीसंकलक अशी पदेही स्वयंसेवक सांभाळतात. स्वतः लष्करात सेवा केलेली असणे बंधनकारक नाही. निवडीपूर्वी परिचितांची शिफारस व गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. त्यानंतर प्रशिक्षण दिले जाते. प्रवासासारखा खर्च भरून मिळतो, वेतन मिळत नाही. अर्जदाराची माहिती गोपनीय ठेवणे आणि ती अन्य संस्थांना देण्यापूर्वी त्याची संमती घेणे आवश्यक असते.

मर्यादा व टीका

चौकशी व सन्मान यांतील ताण या कामात प्रारंभापासून आढळतो. पहिल्या महायुद्धात सैनिक पत्नींना मिळणारा भत्ता त्यांच्या वर्तनाशी जोडला गेला. सधन वर्गातील स्वयंसेविका गरीब स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांच्या आचरणाची विचारपूस करीत, अशी टीका त्या काळी झाली व पुढे इतिहासकारांनीही तिची दखल घेतली. आजची चौकशी आर्थिक गरजेपुरती मर्यादित असली, तरी घरचा जमाखर्च परक्यासमोर मांडण्याचा संकोच अनेकांना वाटतो.

दुसरा आक्षेप विषमतेचा आहे. निरनिराळ्या निधींची आर्थिक क्षमता सारखी नसल्याने समान गरजेला समान मदत मिळेलच असे नाही. अनेक निधींमध्ये गरज विभागण्याच्या पद्धतीमुळे ही तफावत काही अंशी कमी होते. सैनिकांची देखभाल हे राज्याचे कर्तव्य असताना ती दानावर का अवलंबून असावी, हा प्रश्नही वेळोवेळी उपस्थित झाला आहे. सैनिक समुदायाप्रति असलेल्या दायित्वाचा आढावा दरवर्षी संसदेपुढे मांडण्याची तरतूद २०११ च्या सशस्त्र सेना कायद्यात करण्यात आली.

संबंधित संस्था

सैनिकी धर्मादाय संस्थांमध्ये समन्वय राखण्यासाठी १९८२ पासून 'कोब्सिओ' हा महासंघ कार्यरत आहे. नेपाळमधील माजी गुरखा सैनिकांसाठी १९६९ मध्ये गुरखा वेल्फेअर ट्रस्ट स्थापन झाला. राष्ट्रकुलातील देशांमध्ये राहणाऱ्या, ब्रिटिश राजसत्तेच्या सैन्यात पूर्वी सेवा केलेल्या व्यक्तींसाठी रॉयल कॉमनवेल्थ एक्स-सर्व्हिसेस लीग ही १९२१ मध्ये स्थापन झालेली संस्था काम करते.