बाखची सुपारी

आजचा एपिसोड सुपारीवर. गुंडांची नव्हे, तमाशाचे फड आणि बँडवाले घेतात ती. आधी बोलणी, मग विसार, मग कला. पाश्चात्त्य संगीतात याला कमिशन म्हणतात. गंमत म्हणजे बाखच्या सगळ्यात गाजलेल्या सहा रचनांमागे धड सुपारीच नव्हती.

२४ मार्च १७२१. क्योथेनच्या दरबारात नोकरीला असलेला योहान सेबास्टियन बाख सहा कॉन्चेर्तो स्वतःच्या हाताने सुबक उतरवून काढतो. ते बर्लिनच्या क्रिस्टियान लुडविगला अर्पण करतो. हा ब्रांडेनबुर्गचा मार्ग्रेव्ह, प्रशियाच्या राजाचा काका. सोबतच्या फ्रेंच पत्रात बाख अदबीनं आठवण देतो, की दोनेक वर्षांपूर्वी मी आपल्यासमोर वाजवलं, तेव्हा आपण माझ्या रचना मागितल्या होत्या. मला तरी हे पत्र नोकरीच्या अर्जासारखं वाटतं.

पुढे काय? मार्ग्रेव्हने पैसे दिल्याची किंवा साधं उत्तर धाडल्याची एकही नोंद सापडलेली नाही. हस्तलिखित कपाटात पडून राहिलं. १८४९ मध्ये ग्रंथपाल झीगफ्रीड डेन याच्या हाती ते लागलं आणि १८५० मध्ये छापलं गेलं. म्हणजे बाख जाऊन शंभर वर्षं झाल्यावर! 'ब्रांडेनबुर्ग' हे नावसुद्धा नंतर दुसऱ्यांनी चिकटवलेलं.

मग एका ऑर्केस्ट्राने याच सहा रचनांवरून रीतसर सुपारी दिली. स्वीडनमधल्या ऑरेब्रो गावची स्वीडिश चेंबर ऑर्केस्ट्रा, कंडक्टर थॉमस डाउसगार्ड. २००१ मध्ये सुरू झालेलं काम २०१८ मध्ये पुरं झालं. सहा संगीतकार, प्रत्येकाला बाखचा एक कॉन्चेर्तो, आणि त्याला जोड म्हणून एक नवी रचना. ५ ऑगस्ट २०१८ ला लंडनच्या प्रॉम्समध्ये एकाच दिवशी बाराही वाजल्या.

बाखच्या शेजारी बसायला छाती लागते हो. लोक तुलना करणारच.

तिसऱ्या कॉन्चेर्तोचंच घ्या. मधल्या भागात बाखने फक्त दोन कॉर्ड लिहून ठेवलेत. बाकी काय वाजवायचं ते तुमचं तुम्ही बघा! अँडर्स हिलबोर्गच्या 'बाख मटेरिया'मध्ये व्हायोलिनवादक पेक्का कूसिस्तोला मोकळं रान मिळतं, तो तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो. ओल्गा नॉयविर्थने चौथ्यासाठी लिहिलेल्या 'एलो'मध्ये चक्क टाइपरायटर खडखडतो. पाचव्यात बाखने हार्प्सिकॉर्डला एकट्याला ६५ मात्राखंडांची धाव दिली होती. तिथे जॅझवाला उरी केन स्वतः पियानोवर बसला. आणि ब्रेट डीन, जो आधी बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये व्हायोला वाजवायचा, त्याची रचना थेट बाखच्या सहाव्यात शिरते. मध्ये टाळ्यांना जागाच नाही.

मला यातली जोडी लावण्याची युक्ती सगळ्यात आवडते. नवी रचना एकदा वाजते आणि विसरली जाते, हे नेहमीचंच दुखणं. इथे बाखचे श्रोते तिला आयते मिळाले. उलट, टाइपरायटर ऐकून परत चौथ्याकडे वळलं की बाखही तेवढा सभ्य वाटत नाही.

याचं रेकॉर्डिंग निघालंय. शफल बंद ठेवा. आधी तिसरा कॉन्चेर्तो, मग हिलबोर्ग. आणि ते दोन कॉर्ड येतील तेव्हा हेडफोनचा आवाज जरा वाढवा.